सुरुवात एक्सपायरीच्या खोक्यापासून : सांगली-मिरजेत औषधांचा पुरवठा पर्यावरणाला सांभाळून कसा करायचा

'ग्रीन सप्लाय चेन' म्हटलं की छपरावरचं सोलर आणि इलेक्ट्रिक टेम्पो डोळ्यांसमोर येतो. दोन्ही चांगलं आहे, दोन्हींबद्दल पुढे लिहिलंय. पण औषधांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी नासाडी गोडाऊनच्या कोपऱ्यात, 'ब्रेकेज-एक्सपायरी' असं मार्करने लिहिलेल्या खोक्यात पडून असते. एक गोळी मुदत संपून वाया गेली की तिच्यासाठी वापरलेलं रसायन, पाणी, वीज, ॲल्युमिनियमची फॉइल, पुठ्ठा, कारखान्यापासून सांगलीपर्यंतचं डिझेल हे सगळं वाया गेलं. वर ती परत पाठवायला पुन्हा डिझेल, आणि जाळायला पुन्हा इंधन.

औषधाच्या बाबतीत हे नुकसान इतर मालापेक्षा जास्त असतं. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये 'ई-फॅक्टर' नावाचं माप मांडलं: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो. पेट्रोलियम शुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्या आसपास, औषधांच्या मूळ घटकांत (गोळीतलं प्रत्यक्ष काम करणारं रसायन) २५ ते १०० किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे स्ट्रिपमध्ये दिसते तेवढीच गोळी नसते. तिच्यामागे तिच्या कित्येक पट कचरा कारखान्यात आधीच झालेला असतो. म्हणून माझं मत सरळ आहे: जे औषध वेळेत रुग्णाच्या पोटात जातं तेच पर्यावरणाला परवडतं. बाकीच्या सुधारणा त्याच्या मागून.

हा लेख मुख्यतः स्टॉकिस्ट, होलसेलर, हॉस्पिटलचं मेडिकल चालवणारे आणि मोठे रिटेलर यांच्यासाठी आहे. कुपवाड, मिरज किंवा तिकडे साताऱ्यात शिरवळ, लोणंदच्या एमआयडीसीतल्या छोट्या उत्पादकांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

पायरी १ : महिनाभर फक्त मोजा

काहीही बदलण्याआधी एक महिना पाच गोष्टी लिहून काढा. एक्सपायर झालेल्या मालाची किंमत आणि त्याच महिन्याची विक्री. डिलिव्हरीच्या गाड्यांचे किलोमीटर आणि डिझेल-पेट्रोलचे लिटर. विजेची युनिट्स, जमलं तर फ्रीज आणि एसीची वेगळी. बाहेर गेलेले थर्माकोलचे बॉक्स आणि परत आलेले बॉक्स. आणि दिवसात किती 'अर्जंट' फेऱ्या झाल्या.

कार्बनचा हिशेब करायला सल्लागार लागत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो. समजा टेम्पो रोज ८० किलोमीटर फिरतो आणि लिटरला १६ देतो, तर रोजचं ५ लिटर, म्हणजे साडेतेरा किलो. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेतीनशे किलोच्या वर. आकडा ढोबळ आहे, पण पुढच्या वर्षी तुलना करायला तोच कामाला येतो. मोजायला घेतलं की अर्जंट फेऱ्यांचा आकडा बघून बहुतेक मालक स्वतःच दचकतात, हा अनुभव आहे.

पायरी २ : खरेदीला लगाम

एक्सपायरी गोडाऊनमध्ये जन्माला येत नाही, ती ऑर्डर देताना येते. महिनाअखेर कंपनीचा एमआर (विक्री प्रतिनिधी) किंवा एरिया मॅनेजर येतो, टार्गेट थोडं राहिलंय, १०+१ ची, म्हणजे दहावर एक फुकट अशी स्कीम आहे, 'साहेब, एवढं उचला' म्हणतो. आपण उचलतो. इथेच हिशेब करायचा असतो.

एक खोकल्याचं सिरप घ्या. थंडीत रोज ६ बाटल्या जातात. ऑर्डर आठवड्याला एकदा, माल यायला ४ दिवस, अडीअडचणीला ३ दिवसांचा साठा. म्हणजे १४ दिवसांची विक्री, ८४ बाटल्या, एवढाच कमाल साठा. आता फेब्रुवारीच्या शेवटी स्कीमपोटी ३०० घेतल्या आणि ३० फुकट आल्या. थंडीच्या वेगाने त्या ५५ दिवसांत संपल्या असत्या. पण मार्चमध्ये ऊन तापलं, विक्री रोज एकीवर आली, तर ३३० दिवस लागतील. माल येतानाच मुदत नऊ महिने उरलेली असेल तर पन्नास-साठ बाटल्या नक्की उरणार. फुकटच्या तीस गेल्या आणि वरून पदरच्याही गेल्या.

परत गेलेल्या मालाची कंपनी क्रेडिट नोट (तेवढ्या रकमेची वजावट) देते ना, असा यावर नेहमीचा प्रतिवाद. देते, कधी पूर्ण, कधी कापून, कधी वर्षभराने. पण क्रेडिट नोट आली तरी ती बाटली दोनदा घाट चढून-उतरून भट्टीतच गेलेली असते.

करायचं काय? प्रत्येक आयटमला सॉफ्टवेअरमध्ये कमाल साठा टाका. सूत्र वर दिलंच आहे: रोजची विक्री गुणिले ऑर्डरमधलं अंतर, माल यायचे दिवस आणि राखीव दिवस यांची बेरीज. विक्रीचा आकडा मागच्या महिन्याचा नको, गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाचा घ्या. सर्दी-खोकला, जुलाब, डेंग्यूच्या हंगामातलं सलाईन यांना वर्षाची सरासरी लावली की गणित चुकतंच. स्कीम घ्यायची तर कमाल साठ्याच्या आत बसेल तेवढीच घ्या, किंवा कंपनीला सांगा की स्कीम द्या पण माल दोन-तीन हप्त्यांत पाठवा. लेखी मागितलं तर बऱ्याच ठिकाणी ऐकतात.

माल उतरवून घेताना बॅचची मुदत बघायची सवय हमालापासून बिलिंगच्या मुलापर्यंत सगळ्यांना लावा. ठरावीक महिन्यांपेक्षा कमी मुदत उरलेला माल गाडीवरूनच परत. ती मर्यादा तुमच्या खपावर ठरवा; जलद खपणाऱ्याला सहा महिने चालतात, संथ आयटमला वर्षही कमी पडतं. २०२३ च्या ऑगस्टपासून ३०० आघाडीच्या ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे, त्यात बॅच आणि मुदत दोन्ही असतात. स्कॅनर घेतला तर टायपिंगच्या चुका टळतात आणि चुकीच्या मुदतीमुळे मागे राहिलेला माल सापडतो.

रॅकवर नियम एकच: ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे, मग तो नंतर आलेला का असेना. 'आधी आला तो आधी' हा किराणा दुकानाचा नियम इथे चालत नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला सहा महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या मालाची यादी काढा. ज्या हॉस्पिटलमध्ये तो आयटम रोज लागतो तिथे सवलतीत, रीतसर बिलावर द्या. इथे एक रेघ ओढायला हवी. मुदत जवळ आली म्हणून डॉक्टरांना 'जरा लिहा' म्हणणं हा मार्ग नाही. नको असलेलं अँटिबायोटिक रुग्णाला देऊन एक्सपायरी वाचवण्यापेक्षा ते जाळलेलं बरं.

रिटेल काउंटरवरची एक बारीक गोष्ट. कट स्ट्रिप देताना बॅच आणि मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत दुकानात राहिली पाहिजे. कात्री उलट्या टोकाला लावायची. घाईत मुलगा मुदतीच्या बाजूने चार गोळ्या कापतो, आणि उरलेल्या सहा गोळ्यांना ना बॅच ना मुदत. त्या विकता येत नाहीत आणि कंपनीही परत घेत नाही. सरळ कचरा. अशा कापलेल्या पट्ट्या दुकानाच्या खणात किती साठतात ते एकदा बघाच.

पायरी ३ : कोल्ड चेन

इन्सुलिन, लसी, काही इंजेक्शनं, डोळ्यांचे काही ड्रॉप २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये लागतात. इथे वीज आणि नासाडी दोन्हींचा प्रश्न आहे, आणि दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा एकच असतं: तापमान स्थिर ठेवणं.

फ्रीज भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा, मागची जाळी झाडा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर बदलायला झालंय. आत बर्फाचा थर बोटाच्या जाडीचा होईपर्यंत वाट बघू नका. औषधं दारात किंवा फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून ठेवायची नाहीत. घरगुती फ्रीज असेल तर रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, वीज गेली तरी थंडावा जास्त वेळ टिकतो आणि जनरेटर लगेच लावावा लागत नाही. थर्मामीटर मधल्या कप्प्यात, ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवून; नाहीतर दार उघडलं की आकडा उडी मारतो आणि मुलं घाबरून सेटिंग फिरवतात. वाचन सकाळी आणि संध्याकाळी लिहायचं, रविवारीही.

नवा फ्रीज घेताना मागच्या पट्टीवर रेफ्रिजरंट, म्हणजे थंड करणारा वायू कोणता ते वाचा. आर-६००ए किंवा आर-२९० असेल तर उत्तम. वातावरण तापवण्याची त्यांची ताकद नगण्य आहे. आर-१३४ए ची मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट. जुना फ्रीज भंगारवाल्याला देताना तो नळी तोडून गॅस हवेत सोडतो, म्हणून ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडेच द्या.

खरी नासाडी होते ती पॅकिंगमध्ये, आणि ती गरम होऊन कमी, गोठून जास्त. डीप फ्रीजरमधून काढलेला आईस पॅक उणे १५-२० अंशांवर असतो. तो थेट इन्सुलिनच्या बॉक्सला लावला तर इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामी. धनुर्वाताची, हिपॅटायटिस बीची लस यांचंही तसंच. लसीकरणाच्या कामातले लोक वापरतात ती पद्धत अशी: पॅक टेबलावर मांडून ठेवा. वरचं पांढरं दव वितळून थेंब धरायला लागले की एकेक उचलून कानाजवळ हलवा. आत पाण्याची गळगळ ऐकू आली की पॅक तयार. मे महिन्यात हे लवकर होतं, डिसेंबरात वेळ लागतो, म्हणून घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवायचा. मग तळाला आणि चारी बाजूंना पॅक, आत पुठ्ठ्याचा पडदा, मधे औषध, औषधाला लागून छोटा तापमान नोंदवणारा लॉगर.

थर्माकोलचा बॉक्स एकदा वापरून टाकायची चीज नाही. झाकण घट्ट बसतंय, कोपरे फुटलेले नाहीत, आत वास नाही, एवढं असेल तर पुसून पुन्हा वापरा. बॉक्स आणि पॅक दोन्हींवर पक्क्या मार्करने नंबर टाका, बिलावर तो नंबर लिहा आणि छोटं डिपॉझिट लावा. डिपॉझिट नसलं की बॉक्स परत येत नाहीत. मेडिकलवाला त्यात फुलझाडं लावतो. ज्या लाईनवर (डिलिव्हरीच्या मार्गावर) माल रोज जातो तिथे जाड इन्सुलेटेड बॉक्स आणि पीसीएम पॅक, म्हणजे पाण्याऐवजी ५ अंशांच्या आसपास गोठणारा पदार्थ भरलेले पॅक घ्या. सुरुवातीला महाग पडतात, पण त्यांनी औषध गोठायची भीती राहत नाही.

बाकी गोडाऊनचा प्रश्न उन्हाळ्याचा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, आणि बहुतेक गोळ्यांवर '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं. पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग, पश्चिमेच्या खिडक्यांना आडोसा, मग एसी. या क्रमाने जा. एसी २४ वर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. सोलरचा एक किलोवॅट आपल्याकडे दिवसाला चारच्या आसपास युनिट देतो, आणि एसीची गरज नेमकी उन्हातच असल्यामुळे औषधांच्या गोडाऊनला तो चांगला जुळतो.

पायरी ४ : गाड्या

मिरज हे दवाखान्यांचं गाव. तिथल्या एकाच गल्लीत एका होलसेलरची दुचाकी दिवसातून चार-पाच वेळा जाते, कारण प्रत्येक मेडिकल लागेल तसं फोन करतं. यावर उपाय म्हणजे वेळा ठरवणं. सकाळी ११ पर्यंतची ऑर्डर दुपारी, संध्याकाळी ५ पर्यंतची रात्री. जीव वाचवणाऱ्या औषधांची छोटी यादी करा, तेवढ्यालाच वेगळी फेरी. पहिले पंधरा दिवस पार्ट्या (माल घेणारी मेडिकलं) कुरकुरतात, एखादी शेजारच्या होलसेलरकडे जायची धमकीही देते. शक्य असेल तर दोन-तीन होलसेलरनी मिळून एकाच वेळी वेळा लावा, म्हणजे धमकीतला दम जातो.

सांगली-मिरज-कुपवाड या त्रिकोणात अंतरं कमी आहेत. इलेक्ट्रिक तीनचाकी इथे सहज पुरते. किलोमीटरला दहावा हिस्सा युनिट धरला तरी ७० ग्रॅम कार्बन होतो, डिझेल टेम्पोला १७० च्या आसपास. मात्र जत, आटपाडीच्या लाईनला ती पाठवू नका. तिकडे आठवड्याचे वार ठरवा, आणि शक्य तर दुसऱ्या होलसेलरबरोबर एकच टेम्पो भाड्याने लावा. परतीला रिकाम्या येणाऱ्या त्याच गाडीत एक्सपायरीचा माल, थर्माकोलचे बॉक्स आणि क्रेट घ्या.

पुण्याहून किंवा भिवंडीहून येणाऱ्या मालाचं काय? अर्ध्या भरलेल्या ट्रकला डिझेल अर्धं लागत नाही, आणि खंबाटकीचा घाट त्याला तेवढाच चढावा लागतो. सीअँडएफला (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा एजंट) सांगा की रोज थोडा माल नको, आठवड्यातून दोनदा भरून द्या. कमाल साठ्याचं सूत्र त्याप्रमाणे बदला. ज्या मालाला तापमानाची घाई नाही, म्हणजे सलाईन, कापूस, डायपर, तो रेल्वेने मिरज जंक्शनला उतरवता येतो का याचीही चौकशी करा. टनामागे रेल्वेचा कार्बन ट्रकपेक्षा खूप कमी असतो. उतरवण्याची आणि हाताळणीची कटकट आहे, हे खरं. छोट्या स्टॉकिस्टला एकट्याने ते परवडणार नाही.

पायरी ५ : पॅकिंग

इथे फार वेळ घालवू नका. कंपनीच्या खोक्यांचाच पुन्हा वापर करा, पण जुन्या बॅचची लेबलं खरवडून. नाहीतर गोंधळ होतो. रोजच्या पार्ट्यांना प्लास्टिकचे परत येणारे क्रेट. सेलोटेपऐवजी कागदी टेप. काउंटरवर कागदी पाकीट, आणि ज्याने पिशवी आणलीय त्याला तेही नको.

स्ट्रिप मात्र होलसेलरच्या हातातली गोष्ट नाही. ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी चिकटवलेली पट्टी भंगारवाला घेत नाही, कारण दोन्ही वेगळे करणं अवघड. ती उघड्यावर जाळू नका. पीव्हीसीत क्लोरीन असतं, जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन तयार होतात. दुकानामागे रात्री खोकी पेटवायची सवय आहे, त्यात रिकाम्या स्ट्रिपा हमखास असतात.

पायरी ६ : मुदत संपलेला माल

औषध एक्सपायर झालं त्या दिवशी ते विक्रीच्या रॅकवरून निघालं पाहिजे. वेगळं कपाट, कुलूप, वर ठळक 'विक्रीसाठी नाही'. आयटम, बॅच, मुदत, नग अशी यादी करा आणि कंपनीकडे परत पाठवा. जीएसटीचं घोडं अडतं असं ऐकू येतं. पण ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकाने मार्ग दिलेला आहे, परतीचा माल नवीन पुरवठा म्हणून दाखवा किंवा क्रेडिट नोटवर पाठवा. तुमच्या सीएला विचारून एकच पद्धत धरा. तीन महिन्यांतून एकदा, ठरलेल्या तारखेला, एकत्र खेप पाठवली की गाडीही भरून जाते.

हॉस्पिटलसाठी २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा नियम स्पष्ट आहेत: मुदत संपलेली औषधं पिवळ्या गटात. ती उत्पादकाकडे परत किंवा भस्मीकरणाला. कॅन्सरवरची सायटोटॉक्सिक औषधं वेगळी बांधायची, कारण ती १,२०० अंशांपेक्षा जास्त तापमानावरच नष्ट करायची असतात. मिरजेत कॅन्सरचे उपचार मोठ्या प्रमाणात होतात, त्यामुळे हा मुद्दा इथे कागदावरचा नाही. उरलेली केमोथेरपीची व्हायल साध्या पिवळ्या पिशवीत इतर औषधांबरोबर गेली, तर ती कमी तापमानाच्या भट्टीत जाऊ शकते.

सिरप मोरीत ओतायचं नाही. सांगलीचं सांडपाणी शेवटी कृष्णेतच जातं. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत १७ औषधं टॉयलेटमध्ये टाकून फ्लश करावीत असं म्हटलंय. त्यात ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल, डायझेपाम अशी औषधं आहेत. ती घरातल्या कुणी चुकून घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून घरगुती वापरापुरता तो अपवाद आहे. होलसेलरच्या पेट्यांना तो लागू करू नका.

ग्राहकांकडून उरलेली औषधं गोळा करणं चांगलं. केरळने २०२५ मध्ये कोळिकोडला सरकारी पातळीवर तशी योजना सुरू केली. आपल्याकडे एकट्या दुकानदाराने डबा ठेवण्यापूर्वी पुढे तो माल कोण उचलणार हे लेखी ठरवून घ्या, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयाला कळवा. उचलणाराच नसेल तर तो डबा म्हणजे दुकानात ठेवलेला धोका. दम्याचे रिकामे पंप त्यात येतीलच. ते दाबाखाली असतात, भोक पाडू नका, आगीत टाकू नका. या पंपातला वायू बहुधा वर सांगितलेला १३४ए असतो. पावडरचा रोटाकॅप त्या दृष्टीने बरा, पण बदल डॉक्टरांनीच करायचा, काउंटरवरून नाही.

जनावरांच्या औषधांबद्दलही दोन वाक्यं. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातल्या तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून. माणसांच्या डायक्लोफेनॅक इंजेक्शनचं पॅक २०१५ पासून ३ मिलीपुरतंच ठेवलंय, तेही याच कारणाने. गोठ्यासाठी दहा-वीस अँप्युल एकदम मागणाऱ्याला ती देऊ नका. मेलॉक्सिकॅम पशुवैद्यकाकडून लिहून आणायला सांगा.

पायरी ७ : पुराची तयारी

हा भाग दुसऱ्या कुठल्या शहरासाठी लिहिला नसता. सांगलीचे महापूर: २००५, २०१९, २०२१. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पाण्यात बुडालेलं औषध, स्ट्रिप वरून कोरडी दिसली तरी, बाद. एका पुरात वर्षभराच्या काटकसरीवर पाणी फिरतं आणि टनांनी घातक कचरा तयार होतो.

जून ते सप्टेंबर तळमजल्याच्या गोडाऊनमधला कमाल साठा कमी करा, राखीव दिवस फक्त अत्यावश्यक औषधांना ठेवा. खालच्या दोन कप्प्यांत कापूस, डायपरसारखा माल. अँटिबायोटिक, केमो आणि मादक औषधं वर. फ्रीज पहिल्या मजल्यावर, आणि त्याला इन्व्हर्टर. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की यादी आणि टेम्पो तयार हवा. आयर्विनला ४० फूट झालं की माल हलवायला घ्या, ४५ ची वाट बघू नका. तेव्हा टेम्पोच मिळत नाही. मिरजेतल्या उंच भागात एखाद्या सहकारी होलसेलरशी आधीच बोलून ठेवा, मात्र परवान्याच्या जागेबाहेर औषधं ठेवण्याबद्दल प्रशासनाला विचारूनच. पूर ओसरल्यावर पंचनामा होईपर्यंत माल हलवायचा नाही, आणि नंतर तो पालिकेच्या कचरागाडीत द्यायचा नाही. विम्याच्या पॉलिसीत विल्हेवाटीचा खर्च आहे का, हे मे महिन्यातच वाचून घ्या.

पायरी ८ : उत्पादकांसाठी

कुपवाड-मिरज किंवा शिरवळच्या छोट्या फॉर्म्युलेशन युनिटचा (मूळ घटक विकत घेऊन गोळ्या-सिरप बनवणारा कारखाना) बहुतेक कार्बन त्याच्या गेटच्या बाहेर, मूळ घटक बनवणाऱ्या कारखान्यात होतो. तिथे सॉल्व्हंटचा (विरघळवणाऱ्या द्रवांचा) वापर प्रचंड असतो. म्हणून पुरवठादार निवडताना दरासोबत चार गोष्टी लेखी मागा: सॉल्व्हंट परत मिळवून पुन्हा वापरता का आणि किती, प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती, घातक कचरा कुठे जातो त्याच्या मॅनिफेस्टच्या (वाहतुकीच्या नोंदपत्राच्या) प्रती, आणि बॉयलरचं इंधन. आपल्या भागात बगॅस (उसाचा चोथा) आणि त्याच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या विटा) मिळतात. कोळशावरचा बॉयलर त्यांवर नेता येतो, पण धूळ रोखणारी यंत्रणा तपासून. तुमचा स्वतःचा घातक कचरा रांजणगावच्या सुविधेकडे जात असेल तर वर्षात किती टन गेला याचा आलेख भिंतीवर लावा. तो कमी करायचा विचार आपोआप सुरू होतो.

पॅकिंग हलकं करताना घाई नको. अलू-अलू पट्टीत (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली) धातू जास्त लागतो म्हणून ती काढून पीव्हीसी लावली आणि सांगलीच्या पावसाळ्यात गोळी ओलसर झाली, तर आख्खी बॅच जाळावी लागेल. स्थिरतेच्या चाचण्या झाल्याशिवाय प्राथमिक पॅकिंगला (गोळीला थेट लागणाऱ्या वेष्टनाला) हात लावू नका. खोक्याचा आकार, आतली रिकामी जागा, शिपरमध्ये (बाहेरच्या मोठ्या खोक्यात) बसणारे नग, इथे मात्र मोकळीक आहे, आणि तिथूनच ट्रकच्या फेऱ्या कमी होतात.

अँटिबायोटिक बनवत किंवा विकत घेत असाल तर पाचवा प्रश्न विचाराच: सांडपाण्यात औषधाचा अंश मोजता का? हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात संशोधकांना सिप्रोफ्लोक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून हे जास्त आहे. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल स्वतंत्र मार्गदर्शन काढलं, त्यात किती अंश चालेल याची लक्ष्यं दिलेली आहेत. पुरवठादाराला त्याच्याशी जुळणारा चाचणी अहवाल मागा. 'सगळं नियमात आहे' एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या पुरवठादाराचं कोटेशन घेऊन ठेवा.